उसनी झोप

हवालदार युवराज भोगण चौदा महिन्यांनी घरी आला. आल्या दिवशी दुपारी जेवून जो आडवा झाला, तो थेट दिवेलागणीला उठला. मधे कूससुद्धा बदलली नाही. त्याची बायको तृप्ती तीनदा खोलीत डोकावून गेली. तिसऱ्या वेळी तिनं त्याच्या नाकासमोर बोट धरून पाहिलं. श्वास लागला तेव्हा कुठं ती स्वयंपाकघरात परतली.

तिला धास्ती वाटायला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी तो अशाच एका लांबच्या तैनातीवरून परतला होता, तेव्हा घरात कुकर लावणं बंद करावं लागलं होतं. शिट्टी वाजली की तो भरल्या ताटावरून उठून भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. पलंगावर त्याला झोप यायची नाही. जमिनीवर, दाराकडे तोंड करून पडायचा. एकदा तिनं त्याला हलवून उठवलं, तर डोळे उघडायच्या आत त्यानं तिचं मनगट असं पिरगाळलं की पंधरा दिवस तिला भरली कळशी उचलता आली नाही. नंतर स्वतःच रडत बसला. त्या सुट्टीत तृप्तीनं त्याला जवळजवळ पोरासारखं सांभाळलं होतं.

या वेळी मात्र तो हसतमुख आला. अंगानं भरला होता. चंदगडच्या स्टँडवर सहा वर्षांच्या गार्गीला त्यानं खांद्यावर घेतलं आणि चढ चढून घरापर्यंत तसंच आणलं.

"एवढी झोप कशी काय हो लागली?" चहा देताना तृप्तीनं विचारलं.

"नवीन पट्टी दिलीय आम्हाला," तो म्हणाला. "कानटोपीच्या आत, कपाळाला लावायची. झोपताना. अठरा हजार फुटांवर, समोरून गोळे पडतायत, आणि आम्ही बाराजण बंकरमध्ये घोरतोय. आता पट्टी नसली तरी लागते झोप. डोक्याला वळणच पडलंय म्हणतात."

तृप्तीनं मनातल्या मनात त्या पट्टी करणाऱ्याचे आभार मानले.

घराच्या मागच्या अंगाला तिचा काजूचा छोटा कारखाना होता. आठ बायका बी फोडायला, गर सोलायला यायच्या. पाचव्या दिवशी सकाळी बी वाफवायच्या बॉयलरची झडप उडाली. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि सगळी शेड वाफेनं भरली. बायका किंचाळत अंगणात पळाल्या. तृप्ती आत धावली, कारण गार्गी बापाबरोबर आत होती.

युवराज स्टुलावर बसून चहा पीत होता. त्याच्यापासून दोन हातांवर गार्गी वाफेत उभी होती आणि जागच्या जागी थिजून रडत होती.

"बाजूला हो गं," तो म्हणाला. माशी हाकलावी तशा आवाजात.

तृप्तीनं पोरीला उचललं. दंड लाल झाला होता, फोड यायला लागले होते. युवराजनं उरलेला चहा संपवला, कप विसळला, उलटा ठेवला आणि मग बाहेर आला.

"थोडंच भाजलंय," तो म्हणाला. "भरून येतं."

तृप्ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा नव्हता, लपवाछपवीही दिसत नव्हती. पोरीवर त्याचा जीव होता, तो खोटा नव्हता. पण जीव असलेल्या माणसाच्या पोटात जो खड्डा पडतो, तो त्याच्या पोटात पडलाच नव्हता.

त्यानंतर तिचं लक्ष राहू लागलं. त्यानं आपलं घड्याळ धाकट्या भावाला देऊन टाकलं. बागेतल्या पंपाचं सुरू-बंद कसं करायचं, कुठली कागदपत्रं कुठल्या डब्यात आहेत, हे तिला शांतपणे दाखवलं. दोनदा तिच्याकडून म्हणवून घेतलं. सासूबाई खूश होत्या. "किती शहाणा झाला बघ," त्या म्हणायच्या. तृप्ती हो म्हणायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा.

दहाव्या दिवशी उजाडता उजाडता तिला जाग आली तेव्हा तो अंथरुणात नव्हता. पुढचं दार उघडं होतं. पायरीवर त्याचे बूट होते, एकाला एक चिकटून, टाचा बाहेर, चवडे घराकडे. मोजे घडी घालून डाव्या बुटात ठेवले होते. युवराज आयुष्यात कधी बूट नीट ठेवणारा माणूस नव्हता. त्यावरून आईची बोलणी खाऊन तो मोठा झाला होता.

बागेच्या टोकाला, जिथं डोंगर तुटतो आणि खाली नुसतं धुकं असतं, तिथं तो अनवाणी उभा होता.

"अहो!"

तो वळला. गोड हसला. "उठलीस होय? मी निघतच होतो."

"कुठं?"

या प्रश्नावर तो खरोखर विचारात पडला. "ते... काय माहीत," तो म्हणाला. "पण तिकडं गेलं की थंडी वाजत नाही."

तिनं त्याचा हात धरला. मे महिना होता. हात बर्फासारखा गार होता.

*

त्याच दुपारी मिरजेहून फोन आला. शबाना मुल्लाणी. तिचा नवरा, नायक दिलावर, युवराजबरोबर त्याच चौकीवर होता. दोघी बायका लग्नसमारंभात दोन-तीनदा भेटलेल्या.

"वहिनी, युवराजभाऊ कसे आहेत?" शबानाचा आवाज फाटला होता.

"का गं?"

"हे काल पहाटे नदीत गेले. कपड्यांसकट, सावकाश चालत. एका कोळ्यानं बघितलं म्हणून वाचले. आता दवाखान्यात आहेत आणि हसतायत, वहिनी! मला म्हणतात, रडतेस कशाला, मी मजेत आहे. आणि यांच्या चौकीवरचा कराडकडचा तो मुलगा... गेल्या महिन्यात गेला. घरचे अपघात म्हणतात."

"शबाना, एक विचारू? त्यांचे बूट कुठं होते?"

शबानानं उत्तरादाखल एक फोटो पाठवला. घाटाच्या पायरीवर बूट होते. चिकटून, चवडे गावाकडे. डाव्या बुटात मोज्यांची घडी.

*

छावणीतल्या रुग्णालयात जायला युवराजनं अजिबात कुरकुर केली नाही. कुरकुर करण्यासारखं त्याला आता काहीच वाटत नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्या. प्रश्नावलीत त्याला पैकीच्या पैकी गुण पडले. भीती नाही, दुःस्वप्नं नाहीत, चिडचिड नाही, भूक उत्तम.

मेजर शर्वरी आल्हाट मनोविकाराच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, केस पांढरे, बोलणं थेट. त्यांनी कागद वाचले आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या हाताखालून गेलेल्या जवानांमध्ये इतका ठणठणीत माणूस मी पाहिलेला नाही."

तृप्तीनं दोन फोटो त्यांच्यापुढे ठेवले. एक आपल्या पायरीचा, एक मिरजेच्या घाटाचा.

मेजरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग उठून त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, ती पट्टी नेमकं करते काय?" तृप्तीनं विचारलं.

"सांगते. दिवसभरात जे घडतं ते आपला मेंदू गाढ झोपेत पुन्हा चाळतो. त्या वेळी मेंदूत संथ लाटा उठत असतात. त्या लाटांवर आठवण एका जागेवरून उचलून दुसऱ्या, कायमच्या जागी ठेवली जाते, आणि ठेवताना तिचा डंख काढला जातो. म्हणून चार दिवसांनी तीच गोष्ट आपल्याला कमी टोचते. पण विरळ हवेत, गोळीबारात, ती गाढ झोपच लागत नाही. आठवण डंखासकट रुतून बसते. तीन वर्षांपूर्वी तुमच्या यजमानांचं तेच झालं होतं."

"आणि पट्टी?"

"पट्टी त्या लाटांना हलके धक्के देते. कानाला जाणवणार नाही असा आवाज, कपाळाला मुंगीएवढा करंट. गाडीच्या चाकाला चाकोरी मिळावी तशी झोपेला चाकोरी मिळते. चाकोरी मात्र कुणाची तरी असावी लागते. आधीच्या तुकडीच्या चाळीस जवानांची झोप आम्ही मोजली, आणि संगणकाला सांगितलं, यातली सर्वांत शांत झोप शोध. एका जवानाची मिळाली. अकरा रात्रींची. आजूबाजूला गोळे पडत होते आणि त्या लाटा तळ्यासारख्या होत्या. कागदोपत्री त्याला नमुना सात म्हणतात. तो साचा सगळ्यांना दिला."

"नाव काय त्यांचं?"

"दशरथ वाघमोडे. लान्स नायक."

"ते कसे ठेवायचे बूट?"

"झोपेच्या लयीतून बूट ठेवायची सवय जात नाही, ताई. आमच्या विज्ञानात तसं कुठं लिहिलेलं नाही." पण बोलता बोलता त्यांची बोटं पडद्यावर फिरत होती. त्यांनी दशरथ वाघमोडेची फाईल काढली. चौकशीचा अहवाल निघाला. हिमवादळात बेपत्ता. तेरा मार्च, दोन वर्षांपूर्वीचा. खाली बंकरच्या दाराचा फोटो होता.

दोघींनी तो एकदमच पाहिला. त्यातले बूट कसे होते हे बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही.

"नमुना कुठल्या तारखांचा आहे, मॅडम?"

"दोन मार्च ते बारा मार्च."

"त्याच्या आधी कसे झोपत होते?"

हे कुणी पाहिलंच नव्हतं. मेजर आल्हाटांनी फेब्रुवारीची नोंद उघडली. पडद्यावर वेड्यावाकड्या, तुटलेल्या रेषा आल्या. सलग चाळीस मिनिटांची झोप महिनाभरात एकदाही नव्हती. आणि एक मार्चनंतर, जणू कुणी दिव्याचं बटण दाबावं तशी, ती सपाट, चकचकीत शांतता.

"एका दिवसात बरे झाले?" तृप्तीनं विचारलं.

"नाही." मेजरांचा आवाज खाली गेला. "एका दिवसात ठरवलं त्यानं. कधीकधी होतं असं. माणसानं मनाशी निर्णय घेतला की त्याची तगमग थांबते. घरच्यांना वाटतं, सुधारला." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "संगणकाला आम्ही शांत झोप शोधायला सांगितली होती. ती कशामुळे आली हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही."

खिडकीबाहेर युवराज बाकावर बसला होता. ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं. त्यानं डोळ्यांवर हात धरला नव्हता.

"किती जणांना दिलाय हा साचा?"

"अकरा चौक्या. दोनशे चाळीस जवान."

*

उतारा होता. पट्टी लावल्याच्या पहिल्या आठवड्यात यंत्र नुसतं मोजत होतं. युवराजची स्वतःची झोप, मोडकीतोडकी का होईना, साठवलेली होती. तीच चाकोरी पुन्हा बसवायची. मात्र चौदा महिन्यांत जे जे डंखाशिवाय गिळलं होतं ते सगळं एकदम वर येणार होतं. आणि संमती त्यानंच द्यायला हवी होती. कायद्यानं तो पूर्ण शहाणा होता.

"मला काही त्रासच नाही," युवराज म्हणाला. "कशाला उगाच?"

तृप्ती त्याच्याशेजारी बाकावर बसली. रडून उपयोग नव्हता, हे तिला शबानाकडून कळलं होतं. तिनं साधा प्रश्न विचारला.

"वर काय काय झालं, सांगाल? मी कधी विचारलंच नाही."

तो सांगू लागला. पेपरात हवामान वाचावं तसं. वाट कशी होती, रसद ड्रोननं कशी यायची. "जानेवारीत बर्फाचा कडा कोसळला. नागेश कुराडे खाली गेला. नेसरीचा. मला दादा म्हणायचा. आम्ही तीन तास उकरलं. आधी हातमोजा दिसला. त्यातली बोटं हलत होती. तोंडापर्यंत पोचलो तोवर थांबली."

"मग?"

"मग चहा केला. जेवलो. झोपलो."

"तुम्हाला त्याची आठवण येते?"

"येते की. आत्ता नाही का सांगितली?"

"तसं नाही. जीव कळवळतो का?"

युवराजनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दात काढलेल्या जागी जीभ जावी तसं काहीतरी तो आत चाचपत होता.

"नाही," तो म्हणाला. मग हळूच, "कळवळायला पाहिजे ना?"

तिनं मान डोलावली.

"नागेशसाठी कुणी तरी रडलं पाहिजे होतं, तृप्ती. मी सगळ्यात जवळ होतो." त्यानं आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले, दुसऱ्याच्या वस्तू असाव्यात तसे. "आणि गार्गी भाजली तेव्हा मी चहा पीत होतो."

त्यानं सही केली. हात थरथरला नाही.

*

नऊ दिवस उपचार चालले. तिसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा ओरडला आणि तो आवाज ऐकून पलीकडच्या वॉर्डातला एक म्हातारा सुभेदार उठून बसला. पाचव्या दिवशी त्यानं जेवणाचं ताट फेकलं. सातव्या दिवशी तृप्तीला म्हणाला, "तू मला परत त्यात ढकललंस. सुखानं गेलो असतो मी." ती बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिली आणि मग परत येऊन त्याच स्टुलावर बसली. नवव्या दिवशी तो नागेशचं नाव घेऊन रडला, ते संध्याकाळपर्यंत.

घरी आल्यावर कुकर पुन्हा बंद झाला. युवराज पुन्हा जमिनीवर, दाराकडे तोंड करून झोपू लागला. गार्गी झाडावर चढली की त्याला घाम फुटायचा, खाली उतर म्हणून आरडाओरडा करायचा. तिच्या दंडावरचा डाग दिसला की त्याचे डोळे भरायचे. आठवड्यातून एकदा मेजर आल्हाटांचा फोन यायचा, महिन्यातून एकदा तो जाऊन त्यांच्यासमोर बसायचा. दिलावरनंही सही केली होती; शबानानं त्याच्याकडून कशी करून घेतली ते तिनं कधी सांगितलं नाही.

बाकीचे मात्र येईनात. साचा बंद झाला, पट्ट्या परत मागवल्या गेल्या, दोनशे चाळीस घरी पत्रं गेली. अठ्ठावीसजण आले. "शांत माणूस दवाखान्यात कशाला येईल?" मेजर म्हणाल्या. पत्राचं उत्तर बहुतेक एकच यायचं: प्रकृती उत्तम आहे.

ऑगस्टमध्ये युवराज म्हणाला, "मला त्याच्या घरी जायचंय."

कुणाच्या, हे तृप्तीला विचारावं लागलं नाही.

माळशिरसच्या पुढं नुसतं माळरान. गाडी तृप्ती चालवत होती. एका फाट्यावर नकाशा उजवीकडे दाखवत होता.

"डावीकडं," युवराज म्हणाला.

"आलाय का तुम्ही कधी इथं?"

"नाही."

तिनं गाडी डावीकडं घेतली. बाभळींमधून अर्धा मैल गेल्यावर पत्र्याचं घर लागलं. बाहेर मेंढरांचा वाडा होता. कुत्रं उठलं, युवराजच्या पायाशी येऊन वास घेतला आणि न भुंकता तिथंच बसलं. मेजर तृप्तीला म्हणाल्या होत्या, साच्याबरोबर आलेलं सगळंच निघून जाईल असं नाही.

दशरथची आई, कोंडाबाई, दारात आली. युवराजनं पाया पडून सांगितलं की तो त्याच चौकीवर होता, नंतरच्या तुकडीत. म्हातारीनं त्यांना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं.

"माझ्या लेकाला वळखत हुतास का तू?"

"भेट झाली नाही कधी, मावशी." युवराजचे हात थरथरत होते, त्यानं ते लपवले नाहीत. "पण ओळखतो."

तिला यात काही विचित्र वाटलं नाही. मग तिनं इतक्या दिवसांत कुणा साहेबाला विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. "लई भ्याला हुता का रं त्यो? शेवटी?"

तृप्तीला वाटलं, आता हा खोटं बोलेल, आणि बोलला तर बरंच होईल.

"शेवटी नाही भ्याले," युवराज म्हणाला. "त्याच्या आधी लई भ्याले होते. महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता. आजूबाजूला इतकी माणसं झोपत होती, पण एकानंही विचारलं नाही. वादळात नाही हरवले ते, मावशी. ते आपणहून गेले."

वाऱ्यानं पत्रा वाजला आणि युवराज दचकून अर्धा उठला, पुन्हा बसला. म्हातारीनं हात लांबवून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, बिथरलेल्या जनावराला धरून ठेवावं तसा.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली. "शेवटच्या फोनवर लई ग्वाड बोलला. तसा बोलायचा न्हाई त्यो कधी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन् आता तुमच्यातलं कोन इचारतंय का एकमेकाला?"

युवराज उठून अंगणात गेला. उपचाराला न आलेल्या जवानांची, मेजर आल्हाटांनी नियम मोडून दिलेली यादी त्याच्या फोनमध्ये होती. वाड्याच्या कुंपणाला टेकून त्यानं पहिला नंबर लावला. तृप्ती दारातून बघत होती. तो बोलत होता ते तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

"हवालदार भोगण बोलतोय. चार नंबरच्या चौकीवर होतास ना तू, भाऊ? सहज केला फोन. झोप लागते का रे?"

पलीकडचं उत्तर आलं. फोन स्पीकरवर होता आणि मेंढरं गप्प होती, त्यामुळं तेही तिला ऐकू आलं. तरुण, मोकळा, आनंदी आवाज होता.

"लागते की, दादा. एकदम शांत."

युवराजनं दुसऱ्या हातानं कुंपण घट्ट धरलं.

"कुठं आहेस तू आत्ता?" तो म्हणाला. "नाही, नाही, फोन ठेवू नकोस. बोलत राहा माझ्याशी. मी येतोय."